कागद की पडदा : आवडते एकावर आणि समजते दुसऱ्यावर, असे होते का?

समासटीप

छापील पुस्तक चांगले की पडद्यावरचे, या प्रश्नावरची चर्चा बहुतेक वेळा नव्या पुस्तकाच्या वासापाशी सुरू होते आणि फार पुढे न जाता तिथेच संपते. वासाला माझा विरोध नाही. परंतु या धाग्यात तो बाजूला ठेवून मला एक वेगळा प्रश्न विचारायचा आहे. आपल्याला कशावर वाचायला आवडते आणि कशावर वाचलेले अधिक नीट समजते, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच असते, असे आपण गृहीत धरतो. ते तसे असते का?

निमित्त असे झाले. काही दिवसांपूर्वी मला सुमारे ८० पानांच्या एका अहवालाचे टिपण करायचे होते. तो मी लॅपटॉपवर दोन बैठकींत वाचून संपवला आणि आपल्याला तो समजला आहे, याविषयी मनात किंचितही शंका उरली नव्हती. टिपण लिहायला बसले तेव्हा मात्र अहवालाचे निष्कर्ष स्वच्छ आठवत होते, पण ते कोणत्या अटींवर उभे आहेत हे काही केल्या आठवेना. शेवटी अहवाल छापून घेतला. एका लांबलचक परिच्छेदाच्या शेवटी एक ‘परंतु’ दडलेला होता आणि त्या ‘परंतु’मुळे आधीच्या ४ पानांचा अर्थ बराच बदलत होता. हे दुसरे वाचन होते, त्यामुळे सगळे श्रेय कागदाला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मला बोचली ती पहिल्या वाचनानंतरची माझी खात्री.

या खात्रीविषयीचाच एक अभ्यास इस्राएलमधील राकेफेत अ‍ॅकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना माहितीपर मजकूर वाचायला दिला होता, काहींना कागदावर आणि काहींना पडद्यावर. वाचनाचा वेळ संशोधकांनी ठरवून दिला तेव्हा दोन्ही गटांच्या गुणांत फरक दिसला नाही. किती वेळ वाचायचे हे विद्यार्थ्यांवर सोपवले तेव्हा पडद्यावर वाचणारे मागे पडले. शिवाय आपल्याला किती गुण मिळतील याचा त्यांनी आधी बांधलेला अंदाजही कागदावर वाचणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा अधिक चुकला. यावरून माझे मत असे बनले आहे की काचेत फारसे काही बिघडलेले नाही. ‘झाले वाचून, आता पुरे’ असे आपल्याला आतून सांगणारी जी यंत्रणा आहे, ती पडद्यासमोर जरा लवकर बोलते.

आपला अनुभव वाचायला आवडेल. आवडीविषयी जरूर लिहावे, मात्र आपण कोणता मजकूर कशावर आणि कशासाठी वाचता, हेही सोबत लिहावे अशी विनंती आहे.

शंकासुर

विषय चांगला मांडला आहे, तरीही नावाला जागून दोन शंका नोंदवतो.

पहिली शंका फरकाच्या आकाराविषयी आहे. या विषयावरील अभ्यास एकत्र करून पाब्लो देल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (त्यांत आपण उल्लेख केलेल्या अ‍ॅकरमनही होत्या) २०१८ मध्ये एक मोठे मेटा-अ‍ॅनालिसिस प्रसिद्ध केले. २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यास आणि १,७०,००० हून अधिक वाचक त्यात होते. कागद सरस ठरला हे खरे, पण फरक ०.२१ प्रमाण विचलन इतकाच होता. आकड्याची भाषा सोडून सांगायचे तर कागदावर वाचणारा एक आणि पडद्यावर वाचणारा एक अशी जोडी चिठ्ठ्या टाकून निवडली, तर १०० पैकी साधारण ५६ वेळा कागदवाला पुढे असेल आणि ४४ वेळा पडदावाला. एकट्यादुकट्या वाचकाने यावरून घरातली उपकरणे विकून टाकण्याचे कारण नाही. शिवाय हा फरक माहितीपर मजकुरात दिसला; निव्वळ कथात्मक मजकुरात तो दिसला नाही. तेव्हा कादंबरी फोनवर वाचणाऱ्यांना नावे ठेवणाऱ्यांनी जरा थांबावे.

दुसरी शंका थेट आपल्या मताविषयी आहे. त्याच मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये वेळेची मर्यादा घातलेली असताना कागदाचा वरचष्मा अधिक आढळला, म्हणजे २०११ च्या निकालाच्या बरोबर उलट. मग ‘मन लवकर पुरे म्हणते’ हे स्पष्टीकरण कसे टिकते?

समासटीप

शंकासुर, दुसरी शंका बिनतोड आहे आणि ती मला आधीच सुचायला हवी होती. माझ्यापुरते उत्तर असे की ‘ठरवून दिलेला वेळ’ आणि ‘अपुरा वेळ’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ठरवून दिलेला वेळ पुरेसा असेल, तर तो माणसाला जागेवर बसवून ठेवतो. त्याला लवकर उठता येत नाही आणि त्यामुळे पडद्यावरही तो नीट वाचतो. वेळ अपुरा असेल, तर वाचणाऱ्याला चटकन एकाग्र व्हावे लागते आणि तिथे पडद्यावरची चाळण्याची सवय आड येते. दोन्हीकडे मूळ एकच आहे, असे मला वाटते. हे माझे अनुमान आहे, ते सिद्ध झाले आहे असा दावा नाही.

पहिल्या शंकेबाबत मात्र एक सांगते. त्याच विश्लेषणात असेही आढळले की २००० पासून २०१७ पर्यंत कागदाचा वरचष्मा घटत गेला नाही, उलट वाढत गेला. त्या काळात पडदे तर सुधारतच होते, आणि लहानपणापासून पडद्यावर वाचणारी पिढीही मोठी होत होती. सराव वाढला की फरक मावळेल, ही अपेक्षा निदान त्या वर्षांत फोल ठरली. जेवढी सवय वाढली तेवढे चाळणे वाढले, असा त्याचा अर्थ मी लावते.

मंदप्रकाश

पडदे सुधारल्याचा उल्लेख आला म्हणून थोडा जुना इतिहास. १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जॉन गुल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिले होते, तेव्हा पडद्यावरचे वाचन कागदापेक्षा सुमारे २० ते ३० टक्के हळू होत असे. पुष्कळ कारणे तपासून झाल्यावर दोष अक्षरांच्या प्रतिमेत सापडला. ठिपके मोजके आणि कडा खडबडीत. १९८७ मध्ये त्यांनी चांगल्या पडद्यावर, कडा मऊ केलेली, छापल्यासारखी दिसणारी अक्षरे वापरून प्रयोग केला, तेव्हा वेगातला फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे डोळ्यांना अक्षर ओळखायला वेळ लागतो ही तक्रार तेव्हा खरी होती आणि तिचे निराकरणही झालेले आहे. आजच्या ई-रीडरवर इंचाला ३०० ठिपके असतात. साध्या छपाईच्या ते पुष्कळ जवळ आहे.

सगळ्या पडद्यांना एकाच पारड्यात टाकू नये, हेही सांगायला हवे. ई-शाईच्या पडद्यात अतिसूक्ष्म कोशिका असतात, त्यांत विद्युतभारित पांढरे आणि काळे कण तरंगत असतात आणि विद्युतक्षेत्र बदलले की कोणते कण वर यायचे ते बदलते. एकदा अक्षर उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही आणि ते दिसते ते बाहेरच्या प्रकाशात, कागदासारखेच. असा पडदा घेऊन पहिले ई-रीडर २००४ मध्ये जपानमध्ये विक्रीला आले आणि किंडल २००७ मध्ये. फोन आणि टॅब्लेट हे डोळ्यांत प्रकाश सोडणारे पडदे आहेत. रात्री वाचणाऱ्यांसाठी हा भेद महत्त्वाचा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १२ जणांना काही रात्री झोपण्यापूर्वी ४ तास टॅब्लेटवर आणि काही रात्री मंद प्रकाशात छापील पुस्तक वाचायला लावले होते. टॅब्लेटच्या रात्रींत झोप यायला सरासरी १० मिनिटे अधिक लागली आणि शरीरातील मेलाटोनिनचे (झोपेची वेळ झाल्याचे सांगणाऱ्या संप्रेरकाचे) चक्र सुमारे दीड तासाने पुढे ढकलले गेले. माणसे १२ च होती आणि टॅब्लेटचा उजेड पूर्ण वाढवलेला होता, हे लक्षात ठेवूनच तो निष्कर्ष वापरावा.

डोळे चुरचुरतात त्याचे कारण बहुधा निराळे असते. पडद्याकडे एकटक पाहताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो आणि डोळे कोरडे पडतात. त्यावरच्या उपायाचा खर्च शून्य आहे : पापण्या मिटाव्यात.

खाडाखोड

मी मुद्रितशोधक आहे, त्यामुळे या प्रश्नाचा सामना मला रोजच करावा लागतो. पहिले आणि दुसरे प्रूफ मी पडद्यावर पाहतो. शेवटचे प्रूफ कागदावरच पाहतो आणि ते तसे पाहू दिले जाणार नसेल, तर माझे नाव पुस्तकात घालू नका असे सांगतो. इतक्या वर्षांत एकदाही असे झालेले नाही की पडद्यावर दोनदा तपासलेल्या मजकुरात कागदावर नवी चूक सापडली नाही. बहुतेक वेळा ती चूक मथळ्यात, अनुक्रमणिकेत किंवा चित्राखालच्या ओळीत असते, म्हणजे जिथे अक्षर सर्वांत मोठे किंवा सर्वांत एकटे असते. मोठी अक्षरे कोणी वाचत नाही, ती फक्त दिसतात.

तरीही समासटीप यांच्या मताशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. कागदावरचे माझे वाचन तिसरे असते, हे एक. आणि दुसरे म्हणजे कागद हातात आला की हातात लाल पेनही येते. पेन हातात असलेला माणूस निराळा वाचतो. तो चूक शोधायलाच बसलेला असतो. हे श्रेय कागदाचे की पेनाचे, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

आणि पडद्याचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. एकच आडनाव पहिल्या प्रकरणात दीर्घ आणि नवव्या प्रकरणात ऱ्हस्व लिहिलेले असेल, तर ते कागदावर माझ्या नजरेतून निसटू शकते. शोध घेण्याच्या सोयीतून ते निसटत नाही. पूर्वी यासाठी आम्ही नावांची वेगळी यादी करत असू आणि ती यादी चुकली की सगळेच चुके.

पानाचा_कोपरा

मला कागद आवडतो, आणि त्याचे कारण आळस आहे. एखादा मुद्दा आठवायचा असेल, तर तो पुस्तकात साधारण कुठे होता हे मला आधी आठवते : डाव्या पानावर, खालच्या बाजूला, पुस्तक दोनतृतीयांश झाल्यानंतर. मग मी तिथे जाते. फोनवर वाचलेल्या मजकुराला अशी जागाच नसते, कारण तिथे सगळे काही पडद्याच्या मध्यभागी घडलेले असते.

हा केवळ माझा भास नाही. अर्न्स्ट रॉथकॉफ यांनी १९७१ मध्येच दाखवले होते की वाचकांना, लक्षात ठेवायला सांगितलेले नसतानाही, माहिती पानावर कुठे होती हे केवळ योगायोगाने आठवावे त्याहून पुष्कळ अधिक आठवते. पुढे नॉर्वेतील अ‍ॅन मांगेन यांनी फ्रान्समधील सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ५० वाचकांना २८ पानांची एक रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील आणि निम्म्यांना किंडलवर. बहुतेक कसोट्यांवर दोन्ही गट सारखेच उतरले. मात्र कथेतील घटना कोणत्या क्रमाने घडल्या, हे जुळवताना किंडलवाले मागे पडले. डाव्या हातातली पाने जाड होत जातात आणि उजव्या हातातली पातळ, ही माहिती आपण न कळत साठवत असतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

थोडे अवांतर : गुंडाळीचा ग्रंथ सोडून माणसाने पानांचे पुस्तक स्वीकारले, त्याला शतके लागली, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे हवे ते पान चटकन उघडता येणे. मग पडदा आला आणि आपण पुन्हा गुंडाळी उलगडत बसलो. निदान पाने उलटणारी मांडणी तरी द्या, एवढेच माझे ई-पुस्तके बनवणाऱ्यांना सांगणे आहे.

जाडभिंग

आतापर्यंतचे सगळे प्रतिसाद वाचले आणि एक गोष्ट सांगावीशी वाटली. येथे जो तो निवडीविषयी बोलतो आहे. दृष्टिपटलाच्या विकारामुळे माझ्या नजरेचा मधला भाग गेली काही वर्षे धूसर झाला आहे. सामान्य छापील पुस्तक मी भिंग घेऊन वाचू शकते, पण तेव्हा मी शब्द वाचत असते, वाक्य वाचत नसते. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरलेला असतो. टॅब्लेटवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी, चौपट मोठी अक्षरे करून मी पुन्हा वाचू लागले, आणि त्या पहिल्या संध्याकाळी मी किती वेळ वाचत बसले होते ते मला आठवत नाही. कागदावरचे आकलन ०.२१ ने चांगले असते, हे वाचून म्हणूनच थोडे हसू आले.

पानाचा_कोपरा यांची तक्रार मात्र मला इतरांपेक्षा अधिक लागू पडते. अक्षर एवढे मोठे केले की एका ओळीत ३ शब्द मावतात आणि परिच्छेद ५ पडदाभर पसरतो. कविता वाचता येत नाही, कारण कवीने तोडलेली ओळ कोणती आणि उपकरणाने तोडलेली कोणती, ते कळत नाही. पीडीएफची स्थिती आणखी वाईट. तिथे पान जसेच्या तसे मोठे होते आणि प्रत्येक ओळीसाठी ते डावीकडून उजवीकडे सरकवावे लागते. पडद्यावरच्या पुस्तकाविषयी बोलताना पीडीएफ आणि अक्षरानुसार ओळी नव्याने मांडणारे ईपब यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे डोळस वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही.

ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती परवानगीवाचून करता याव्यात आणि त्या एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता याव्यात, यासाठी २०१३ मध्ये माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१६ मध्ये तो अमलात आला. कागदाच्या प्रेमात असलेल्यांनी हेही माहीत करून घ्यावे, इतकेच.

शंकासुर

जाडभिंग, हसू येणे अगदी रास्त आहे. माझ्या आकड्यांत ‘वाचता येणे’ हे गृहीतच धरलेले होते.

फळा_आणि_खडू

मी प्राथमिक वर्गांना शिकवते. मोठ्यांविषयी काय ठरायचे ते ठरो. लहान मुलांच्या बाबतीत चित्र थोडे निराळे आहे, आणि ते वर्गात मला दिसते तसेच संशोधनातही दिसते. १ ते ८ वर्षांच्या मुलांवरील ३९ अभ्यासांचा, एकूण १,८१२ मुलांचा, एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. छापील गोष्ट तशीच्या तशी पडद्यावर आणली, तर मुलांना छापील गोष्टच अधिक कळते. पडद्यावरच्या गोष्टीत भर घातलेली असेल आणि ती भर गोष्टीच्या गाभ्याशी जोडलेली असेल, म्हणजे एखाद्या घटनेचे कारण लक्षात आणून देणारी असेल, तर मात्र पडदा सरस ठरू शकतो. दुर्दैवाने बाजारात येणाऱ्या भरीपैकी पुष्कळशी बोट लावले की ढग शिंकतो, अशा प्रकारची असते. मूल मग ढगाला शिंकायला लावत बसते आणि राजपुत्र जंगलातच राहतो.

आणखी एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. छापील पुस्तक मांडीवर घेतले की मोठे माणूस ‘आता काय होईल?’ असे विचारते. उपकरण हातात दिले की ‘असे दाबू नकोस’ असे म्हणते. बोलणे दोन्हीकडे होते, पण गोष्टीविषयीचे बोलणे एकीकडेच होते.

शाळांच्या धोरणांतही लंबक परत फिरू लागला आहे. शिक्षण पडद्यावर नेण्यात पुढे असलेल्या स्वीडनने २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी पुन्हा मोठी तरतूद केली. मला मात्र लंबकाचीच भीती वाटते. पाचवीच्या पुढच्या मुलाला पडद्यावर सावकाश वाचायला कोणी शिकवणारच नसेल, तर पुस्तके परत आणून अर्धेच काम होईल, कारण पुढचे आयुष्यभराचे वाचन त्याला पडद्यावरच करायचे आहे.

वाळवी

सदस्यनामावरून गैरसमज होऊ नये. मी ग्रंथालयात काम करतो आणि आमच्या शत्रूचेच नाव घेतले आहे.

वाचनापुरते सगळे ठीक चालले आहे. मला टिकण्याविषयी लिहायचे आहे. कागद टिकतो आणि फाइल नष्ट होते, असे सरसकट बोलले जाते. कोणता कागद? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा आणि तुरटी-राळेचे पाणी दिलेला कागद सर्वत्र रूढ झाला. त्यातले आम्ल कागदालाच आतून खाते. आमच्याकडे दोनशे वर्षांपूर्वीची चिंध्यांच्या कागदावरची पुस्तके शांतपणे उघडतात आणि शंभर वर्षांपूर्वीची पुस्तके पान उलटताना कोपऱ्यातून तुटतात. टिकाऊ कागदाचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले ते थेट १९९४ मध्ये. ज्या पुस्तकांना आता हातही लावता येत नाही, ती आज वाचली जातात ती त्यांच्या प्रतिमा पडद्यावर आणल्यामुळेच.

दुसऱ्या बाजूला, पडद्यावरचे पुस्तक आपण ‘विकत घेतो’ हा शब्दच फसवा आहे. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांच्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले गेले आणि नंतर कंपनीने माफीही मागितली. त्यांतले एक पुस्तक ‘१९८४’ होते, हा योग कोणा लेखकाने रचला असता तर बटबटीत म्हटला गेला असता. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा तिथे घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. तेथेही पैसे परत मिळाले, मात्र पुस्तके मिळाली नाहीत. छापील पुस्तकाचे दुकान बंद पडले म्हणून कपाटातले पुस्तक कोरे होत नाही.

समासटीप यांच्या प्रश्नाशी याचा संबंध आहे, असे मला वाटते. जे आपले नाही, परत करायचे आहे किंवा कधीही जाऊ शकते, त्याच्या समासात कोणी लिहीत नाही. (ग्रंथालयाच्या पुस्तकाच्या समासात लिहिणारे आहेत, आणि त्यांच्याविषयी मी येथे काहीही लिहिणार नाही.)

समासटीप

सर्वांचे आभार. खाडाखोड यांचा ‘कागद की पेन’ हा प्रश्न मला या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटला आणि गेले काही दिवस तो डोक्यातून जाईना.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ नेओमी बॅरन यांनी अनेक देशांतील विद्यापीठीय विद्यार्थ्यांना वाचनाच्या आवडीविषयी विचारले होते. कशावर वाचताना मन सर्वांत चांगले एकाग्र होते, या प्रश्नाला ९२ टक्के विद्यार्थ्यांनी ‘कागद’ असे उत्तर दिले, हा आकडा पुष्कळदा उद्धृत होतो. मला त्याहून लक्षात राहिली ती दुसरीच नोंद. छापील वाचनात काय आवडत नाही, असे विचारल्यावर एका विद्यार्थ्याने जे सांगितले त्याचा आशय असा होता की छापील वाचायला वेळ अधिक लागतो, कारण मी ते अधिक काळजीपूर्वक वाचतो. त्याने हे तक्रार म्हणून सांगितले होते! माझ्या अहवालाचेही तेच झाले होते. मला तो लवकर संपवायचा होता आणि पडद्याने मला संपवू दिला.

म्हणून या आठवड्यात एक साधा प्रयोग केला. तशाच लांबीचा दुसरा अहवाल लॅपटॉपवर वाचला, मात्र इतर सर्व खिडक्या बंद केल्या आणि प्रत्येक विभाग संपला की पडदा मिटवून त्या विभागाविषयी दोन ओळी लिहायच्या, असा नियम ठेवला : एका ओळीत म्हणणे काय आणि दुसऱ्या ओळीत ते कशावर उभे आहे. पहिले दोन विभाग सुरळीत गेले. तिसऱ्या विभागानंतर पहिली ओळ झटकन लिहून झाली आणि दुसरी सुचेचना. मागे जाऊन पाहिले, तर त्या विभागातली दीड पाने मी वाचलीच नव्हती. माझी नजर तेवढी त्यांवरून गेली होती. एकूण वेळ पहिल्या अहवालाच्या जवळजवळ दुप्पट लागला आणि टिपण मात्र एका बैठकीत झाले.

नंतर कळले की अ‍ॅकरमन यांनीही सहकाऱ्यासह २०१४ मध्ये साधारण असाच उपाय तपासून पाहिला होता. मजकूर वाचून झाल्यावर थोड्या अवधीने त्यातले कळीचे शब्द लिहून काढायला लावले, तेव्हा पडद्यावर वाचणाऱ्यांची पिछाडी भरून निघाली.

शंकासुर

प्रयोग एकाच वाचकावर, एकाच अहवालावर आणि निकाल आधीच हवा असताना केलेला आहे, हे नोंदवून पुढे जातो. त्या दोन ओळी आपण कुठे लिहिल्या?

समासटीप

पाठकोऱ्या कागदावर, पेन्सिलीने. हा प्रश्न येणार याची कल्पना होती.

खाडाखोड

बघा.

जाडभिंग

मी काल तेच बोलून करून पाहिले. प्रत्येक प्रकरणानंतर फोनवर दोन वाक्ये ध्वनिमुद्रित केली, हाती ना कागद ना पेन. चौथ्या प्रकरणापाशी मीही अडखळले आणि मागे गेले. आज सकाळी ती मुद्रणे ऐकली. दोन वाक्यांच्या मध्ये जिथे मी थांबले होते ती लांब शांतता ऐकताना, नेमके काय आठवत नव्हते ते आठवले.